एर्मेलिंदा आणि पुढचे दार

आमच्या फोंतेला गावात घराच्या पुढच्या दाराचा वापर माणसे फारशी करीत नाहीत. रोजचे जाणे-येणे मागच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराने होते. पुढचे दार, त्याच्यापर्यंत चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आणि आतली मोठी खोली ही ईस्टरच्या दिवशी घरोघर फिरणाऱ्या क्रूसासाठी राखलेली असतात. त्याखेरीज घरातले कोणी मरण पावले, तर शवपेटी त्या खोलीत ठेवतात आणि त्याच दाराने बाहेर नेतात. एर्मेलिंदाची हकीकत सांगण्यापूर्वी हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती हकीकत अशा एका दाराचीच आहे.

एर्मेलिंदा माझ्याहून थोडी मोठी. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा राहिलो. तेव्हापासून रीतीप्रमाणे ती मला कोंपाद्रे म्हणते, मी तिला कोमाद्रे म्हणतो, आणि आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. लहानपणी मात्र आम्ही एकाच डोंगरावर गाई राखल्या आहेत आणि एकमेकांना दगडही मारले आहेत. शाळेत दोघेही गेलो नाही. ती घरातली थोरली मुलगी, म्हणून तिच्या वाट्याला गाई आणि धाकटे भाऊ आले. मी पुढे दगडाच्या खाणीवर गेलो.

तिचा जन्म सोतोच्या घरात झाला. सोतो म्हणजे चेस्टनटची राई; त्या झाडांखालचे ते दगडी घर गल्लीत शिरताना पहिले लागते. खाली गोठा आणि द्राक्षाच्या दारूची पिंपे, वर माणसे; मागे जमीन उंच असल्याने स्वयंपाकघराचे दार सरळ अंगणात उघडते. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि घरात ऊब फक्त चुलीपाशी होती, म्हणून तिच्या आईने चुलीशेजारच्या लाकडी बाकाजवळ, जमिनीवरच तिला जन्म दिला. एर्मेलिंदा हे नेहमी अभिमानाने सांगते. "आईनं आधी भट्टीतली मक्याची भाकरी बाहेर काढली, मग मला," असे ती म्हणते. "भाकरी करपली असती ना! मला काय होणार होतं?"

तिचे दोघे भाऊ तरुणपणी फ्रान्सला गेले. दुसऱ्यांची घरे बांधता बांधता त्यांनी तिकडेच स्वतःची घरे बांधली. एर्मेलिंदाने म्हाताऱ्या आईबापांचे केले. तिने लग्नही केले ते गल्लीपलीकडच्या लाझारोशी, आणि ती गल्ली इतकी अरुंद आहे की ह्या खिडकीतून त्या खिडकीत मीठ देता येते. दोन खोल्यांच्या नवऱ्याच्या घरात तिने संसार केला, परंतु सकाळी आधी ती सोतोच्या चुलीत जाळ घालीत असे आणि मग स्वतःच्या.

आईबाप गेले, लाझारोही गेला, मुलगा लक्झेंबर्गला राहू लागला. भावांनी घर विकावयाचे ठरवले. एर्मेलिंदाला वकिलाकडे बोलावले तेव्हा तिने कागदावर अंगठा उमटवला. घरी परत येताना तिने काळा झालेला अंगठा एप्रनमध्ये लपवून ठेवला होता. त्याच हिवाळ्यात ती गावच्या सभागृहात भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"कोंपाद्रे, सरका," ती म्हणाली. "न वाचता अंगठा दिला तो शेवटचा."

आमच्या शिक्षिका मफाल्दाबाई वयाने आमच्या नातीसारख्या होत्या, तरी त्या आम्हाला कधीही लहान मुलांप्रमाणे वागवीत नसत. त्यांच्याकडे आम्ही वाचावयास शिकलो. सावकाश, पण शिकलो. पुढे गावात परदेशी लोक घरे घेऊ लागले, तेव्हा बाईंनी थोडे इंग्रजी शिकवावयाचे ठरवले. त्यांनी एक मोठे चित्र आणून भिंतीला लावले. त्यात एका घराचे छप्पर काढून टाकले होते आणि वरून आतल्या साऱ्या खोल्या दिसत होत्या.

"हे किचन, म्हणजे स्वयंपाकघर," मफाल्दाबाई म्हणाल्या. "हे बेडरूम, ही झोपायची खोली. हे बाथरूम. आणि ही पुढची मोठी खोली म्हणजे लिव्हिंग रूम. घरातली माणसं दिवसभर जिथं असतात ती."

एर्मेलिंदाने हात वर केला. "बाई, त्या खोलीत दिवसभर कोण असतं?"

"त्यांच्याकडे असतात."

"आमच्याकडे माझा बाप तिथं एकच रात्र होता. तीही मेल्यावर."

वर्गात हशा पिकला. मफाल्दाबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, तुमच्याकडे दिवसभर माणसं कुठे असतात?"

"किचनमध्ये," एर्मेलिंदा म्हणाली. तिने उच्चारलेला तो पहिला इंग्रजी शब्द. मग चित्राकडे बोट करून तिने विचारले, "आणि ह्यांच्या गाई कुठायत? दारूची पिंपं कुठायत? हे लोक पितात तरी काय?"

"चहा पितात, कोमाद्रे," मी म्हणालो.

"अरे देवा! म्हणून इकडे पळून येतात."

सोतोचे घर एका इंग्रज बाईने घेतले होते. तिचे नाव गिलियन, पण आमच्या तोंडी ते बसले नाही, म्हणून गाव तिला जीलियाबाई म्हणू लागले. उंच, केस आखूड कापलेले, एकटी. पहिली दोन वर्षे ती फक्त उन्हाळ्यात येई. हिवाळ्यात घराला वारा लागावा म्हणून पुढच्या दाराची लोखंडी किल्ली तिने एर्मेलिंदाकडे ठेवली होती. ती एर्मेलिंदाच्या बापाचीच किल्ली, माझ्या वितीएवढी. एर्मेलिंदा आठवड्याने जाऊन खिडक्या उघडी, आणि वर्गातले शब्द तिने तिथेच पाठ केले. हात लावीत लावीत ती घरभर फिरे: वॉल, विंडो, सीलिंग, फ्लोअर, स्टेअर्स, डोअर. मी एकदा तिला हाक मारावयास गेलो तर ती तुळईकडे पाहून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटले, प्रार्थना चालली आहे.

वाक्ये आम्हाला येत नव्हती. द्राक्षवेलींची छाटणी आली आणि वर्ग बंद झाला. वाक्ये पुढच्या हिवाळ्यात, असे मफाल्दाबाईंनी सांगितले होते.

तिसऱ्या वर्षी जीलियाबाई कायमची राहावयास आली. ती आली नेमकी पवित्र आठवड्यात, जेव्हा गावातल्या प्रत्येक बाईचे हात पिठात असतात. त्यामुळे आत काय चालले आहे, कोणते सामान कोठे हलले, हे एर्मेलिंदाला कळले नाही. तिला एवढेच कळले की आईबाप गेल्यापासून प्रथमच ईस्टरच्या दिवशी सोतोच्या घरात माणूस आहे. ज्या घरात माणूस आहे त्या घरात क्रूस यावयास हवा. आणि तो यावा अशी इच्छा असेल, तर दारापुढे फुले पसरावयाची. फुले दिसली की क्रूस आत शिरतो. तेथे कोणी कोणाला विचारीत नाही, फुले हेच निमंत्रण असते.

जीलियाबाईला हे ठाऊक नसेल असे एर्मेलिंदाच्या मनातही आले नाही. रविवारी सकाळी तिने सोतोच्या पायऱ्यांखाली रोझमेरी, बडीशेपेची पाने आणि लाल कॅमेलियाच्या पाकळ्या पसरल्या. पायऱ्या चढून तिने हळूच किल्ली फिरवली, दार थोडे लोटून ठेवले, आणि ती आपल्या घरी धावली, कारण क्रूस येतो तेव्हा ज्याने त्याने आपापल्या घरात उभे असावे लागते.

आमच्या पाद्रींकडे चार गावे आहेत, म्हणून आमच्या गल्लीतला क्रूस गावकरीच फिरवतात. त्या वर्षी फुलांनी आणि फितीने सजवलेला क्रूस झेफेरिनोच्या हातात होता. झेफेरिनो हा आमचा गवंडी. मनाने चांगला, पण त्याच्या आवाजाने कौले हलतात. लाल झगा घालून तो पुढे, घंटा वाजवणारा त्याच्या मागे, आणि पवित्र पाण्याची बादली घेऊन मी. फुले पाहून झेफेरिनो खूश झाला आणि मागे वळून मला म्हणाला,

"बघितलंत, अडेलिनो? इंग्रज असली तरी बाईला रीतभात आहे!"

आम्ही पायऱ्या चढलो. झेफेरिनोने खांद्याने दार ढकलले आणि गर्जना केली, "आलेलुया! ख्रिस्त उठला!"

जीलियाबाई मात्र उठली नव्हती. त्या मोठ्या खोलीत, जेथे पांढरी चादर घातलेले मेज असावयास हवे होते, तेथे पलंग होता, आणि पलंगावर ती रात्रीच्या पोशाखात हातात चहाचा कप घेऊन बसली होती. आतल्या अंधाऱ्या कोनाड्यातून पलंग काढून तिने तो उन्हात आणला होता.

दुसऱ्या कोणत्याही गावचे पुरुष माफी मागून मागे फिरले असते. पण आमच्याकडे ईस्टरच्या सकाळी माणूस अंथरुणात दिसला, तर त्याचा एकच अर्थ होतो की तो आजारी आहे. आणि आजाऱ्याकडे क्रूस स्वतः जातो.

"बिचारी!" झेफेरिनो म्हणाला आणि थेट पलंगापाशी गेला. जीलियाबाईने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढले. झेफेरिनोने क्रूस तिच्या तोंडासमोर धरला. "उठू नका बाई, उठू नका. क्रूसाच्या पायाला ओठ लावलेत तरी पुरे. देवाला सगळं समजतं."

तिचे डोळे एकदा क्रूसावर, एकदा झेफेरिनोच्या लाल झग्यावर, एकदा माझ्या बादलीवर फिरत होते. मी माझे कर्तव्य केले आणि पाणी शिंपडले. काही थेंब तिच्या चहात पडले असावेत. घंटा वाजली. मग झेफेरिनोने तिच्या वतीने स्वतःच क्रूसाचे चुंबन घेतले आणि आम्ही बाहेर पडलो.

"ताप असणार," तो मला म्हणाला. "गाल कसे लाल झाले होते बघा."

आम्ही एर्मेलिंदाच्या घरात असतानाच जीलियाबाई कोट चढवून गल्लीत आली. लोखंडी किल्ली अजून सोतोच्या दारालाच होती, आणि तिने ती बोटाने दाखवली. मग तिने एर्मेलिंदाकडे पाहून मान हलवली. नाही. पुन्हा नाही. एवढेच. ती परत गेली, दारातून किल्ली काढून घेतली आणि दार आतून लावून घेतले. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला.

एर्मेलिंदाने आमच्यापुढे केक ठेवला, गोड दारू ओतली, सारे रीतीप्रमाणे केले. फक्त बदामाच्या गोळ्यांची बशी द्यावयाची ती विसरली, आणि असे तिच्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते.

त्यानंतर दोन्ही घरांच्या समोरासमोरच्या खिडक्या बंद राहू लागल्या. एर्मेलिंदा भाजीच्या वाफ्यात जाताना लांबून फिरून जाई. मे महिन्यात झेफेरिनो माझ्याकडे आला आणि टोपी हातात घेऊन बसला.

"अडेलिनो, सोतोच्या बाईनं मला काम दिलंय. पुढचं दार काढायचं. खाली दगडानं बुजवायचं आणि वर मोठी खिडकी बसवायची."

"मग?"

"मग काय? ज्या हातांनी क्रूस नेला त्याच हातांनी क्रूसाचं दार बुजवू?"

"काम नाकारा."

"नाकारलं तर ती शहरातला कोणीतरी आणेल आणि तो सिमेंट थापून जाईल. तुम्ही दगडातले माणूस आहात, तुम्हीच सांगा." मग आवाज शक्य तितका खाली आणून त्याने विचारले, "पण एर्मेलिंदाबाईंना कोण सांगणार?"

ते मलाच सांगावे लागले. ती तेव्हा बटाटे खणीत होती. ऐकून तिने फावडे जमिनीत उभे रोवले.

"त्या दारानं माझी आई बाहेर गेली," ती म्हणाली. "त्या दाराची खिडकी केली तर क्रूस काय उडी मारून आत जाईल? ते घर मग गावातलं घरच राहणार नाही. नुसते दगड."

"मफाल्दाबाईंना सांगू. त्या इंग्रजीत समजावून देतील."

"नाही. माझ्या घराबद्दल मी दुसऱ्याच्या तोंडानं बोलणार नाही. भावांच्या तोंडानं एकदा बोलले, तेवढं पुरे झालं."

"कोमाद्रे, तुम्हाला नुसती खोल्यांची नावं येतात."

"मग तेवढ्यात भागवीन. घराबद्दलच तर बोलायचंय."

पुढच्या रविवारी तिने चर्चचे कपडे घातले, अर्धी मक्याची भाकरी फडक्यात बांधली आणि मला बरोबर घेतले. "तुम्ही नुसतं उभं राहायचं," तिने मला बजावले. "बोलायचं नाही. तुमचं इंग्रजी ऐकून बाई अजून घाबरेल."

आम्ही स्वयंपाकघराच्या दारावर थाप मारली. जीलियाबाईने दार उघडले. ती हसली नाही, परंतु बाजूला झाली. आमच्या भाषेतले थोडेसे शब्द तिला येत होते, नमस्कार, धन्यवाद, पाव, पाऊस असे. एर्मेलिंदाने भाकरी मेजावर ठेवली आणि चुलीच्या दगडावर हात टेकला.

"किचन," ती म्हणाली.

जीलियाबाईने मान डोलावली.

एर्मेलिंदाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग दोन्ही हात किंचित दूर धरून एक लहानसे मूल दाखवले, गुडघ्यावर बसली आणि ते मूल बाकाजवळ जमिनीवर ठेवले. "फ्लोअर," ती म्हणाली.

जीलियाबाई जमिनीकडे पाहू लागली, मग एर्मेलिंदाकडे. "तुम्ही? इथे?" तिने विचारले. हे दोन शब्द तिला आमच्या भाषेत येत होते.

"मी. इथे."

मी तिला उठावयास हात दिला. मग ती पुढे आणि आम्ही दोघे मागे, असे आम्ही त्या घरातून फिरलो. "बेडरूम," तिने अंधाऱ्या कोनाड्यापाशी सांगितले, आणि एकाच गादीवर दोन भाऊ आणि मधे आपण कसे झोपत असू ते मान वाकडी करून दाखवले. भावांनी पांघरूण ओढल्याचेही दाखवले. जीलियाबाईच्या ओठांच्या कडा हलल्या. "स्टेअर्स," असे म्हणून तिने खाली गोठ्यात उतरणाऱ्या पायऱ्या दाखवल्या, आणि आई तेथून पडली ते नुसत्या हाताच्या उतरत्या हालचालीने सांगितले. "सीलिंग," ती पुढे म्हणाली, आणि धुराने काळ्या झालेल्या तुळईवर सॉसेजची माळ कोठे टांगली जात असे ते दाखवले. हे तिच्या बोलण्याच्या ओघात बसत नव्हते, पण शब्द येत होता म्हणून तिने तो वापरला असावा.

शेवटी आम्ही पुढच्या खोलीत आलो.

"लिव्हिंग रूम," एर्मेलिंदा म्हणाली. ती पलंगाशेजारी ताठ उभी राहिली, हात छातीवर जुळवले आणि डोळे मिटले. तशीच थोडा वेळ उभी राहिली. "आई," डोळे उघडून ती आमच्या भाषेत म्हणाली. पुन्हा डोळे मिटले. "बाबा."

मग ती दाराशी गेली. दोन्ही फळ्या उघडून बाहेरच्या पायरीवर उभी राहिली, हातात उंच काहीतरी धरल्याप्रमाणे दोन्ही मुठी वर केल्या, वाकून उंबरठा ओलांडला आणि आत येऊन गुडघे टेकले. हवेत ओठ टेकवले. उठली. दाराच्या चौकटीच्या दगडावर तळवा ठेवून म्हणाली, "डोअर." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "डोअर."

तिच्याजवळचे शब्द संपले.

जीलियाबाई पलंगाच्या कडेवर बसली होती. रागावलेली नव्हती, हे मला दिसत होते, पण ती काय करील ते कळत नव्हते. ती उठली आणि तिने बोटातली अंगठी दाखवली. "मार्टिन," ती म्हणाली. नंतर "हॉस्पिटल." तो शब्द जगात सगळीकडे सारखाच आहे. मग खोलीच्या एका भिंतीवर तिने हात ठेवला. "वॉल." दुसऱ्या भिंतीपाशी गेली. "वॉल." तिसऱ्या. चौथ्या. आणि मान हलवून म्हणाली, "नो विंडो."

ते सारे शब्द वर्गातले होते. एर्मेलिंदाला एकही चुकला नाही.

जीलियाबाईने मग पुढच्या दाराकडे बोट केले, नंतर एर्मेलिंदाकडे, आणि दोन्ही तळवे उघडून तशीच उभी राहिली. मग तिने हवेत चौकट काढून फक्त 'विंडो?' असे विचारले. निर्णय तिने एर्मेलिंदाच्या हाती दिला होता.

एर्मेलिंदा दाराकडे पाहात राहिली. बाहेरचे ऊन उंबरठ्यावरून पलंगाच्या पायापर्यंत आले होते. उंबरठ्याचा दगड मधोमध झिजलेला आहे. तिच्या घरच्या माणसांनी तो झिजवला, जाताना आणि नेले जाताना.

"विंडो," एर्मेलिंदा म्हणाली.

गल्लीत आल्यावर मी तिला म्हणालो, "कोमाद्रे, तुम्ही हे काय केलंत? एक 'नो' म्हटलं असतं तर दार वाचलं असतं."

"मला काय समजत नाही?" ती फणकारली. "ती बाई नवऱ्याला चार भिंतींत मरताना बघून आलीय. तिच्या उन्हाला मी नाही म्हणू? आईनं मला चुलीपाशी जन्माला घातलं ते थंडी वाजू नये म्हणून. दुसऱ्याला गारठवण्यासाठी नाही."

"आणि क्रूस?"

"क्रूस माझ्या घरी येतोच की. माझं दार बुटकं आहे, पण आहे." मग तिने रुमालात नाक शिंकरले. "आता गप्प बसा. तुम्हाला बोलू नका सांगितलं होतं ना?"

किल्लीविषयी त्या दोघींपैकी कोणीच काही बोलले नव्हते.

झेफेरिनोने काम चांगले केले. जुनेच दगड वापरले आणि सांधे असे घट्ट बसवले की माझ्यासारख्यालाही नावे ठेवावयास जागा मिळाली नाही. एर्मेलिंदा आपल्या खिडकीतून सूचना करीत होती. "झेफेरिनो, ओळंबा धर! क्रूस वाकडा धरतोस तशी भिंत वाकडी करू नकोस!"

"माझ्या भिंतीला तुमचा आवाज लागू देऊ नका, तडा जाईल!" तो खालून ओरडे.

उंबरठ्याचा दगड त्याने सगळ्यात आधी उपटला होता. तो एर्मेलिंदाला द्यावा असे त्याच्या मनात होते, परंतु तिच्या दारासाठी तो फार लांब होता, आणि तोडावयाला ती तयार होईना. तेव्हा जीलियाबाईने झेफेरिनोला हाताला धरून घराच्या मागे नेले. तिने त्याच्याकडून तो दगड स्वयंपाकघराच्या दारापुढे बसवून घेतला. आम्हाला वाटले, चिखल घरात येऊ नये म्हणून.

हिवाळ्यात मफाल्दाबाईंचा वर्ग पुन्हा सुरू झाला. एर्मेलिंदा वाक्ये शिकली. जीलियाबाईशी आता तिचे खिडकीतून बोलणे होई, थोडे ह्या भाषेत, थोडे त्या. पण त्या घरात ती कधी आपण होऊन गेली नाही. बोलावले तर जाई, बसे, आणि पाहुण्यासारखी लवकर उठे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ती मला चर्चपाशी भेटली. "कोंपाद्रे, उद्या सोतोवरून जाताना थांबू नका," ती म्हणाली. "खिडकीकडे बघूही नका. तिला वाटेल आपण टोमणा मारतोय. सरळ माझ्याकडे या."

क्रूस उचलावयास दुसरे कोणी तरुण उरलेले नाही, म्हणून तो पुन्हा झेफेरिनोकडेच होता. आम्ही गल्लीत शिरलो. जुन्या पायऱ्या आता भिंतीशी जाऊन थांबतात, आणि त्यांच्यापाशी एकही पाकळी नव्हती. आम्ही पुढे निघणार, इतक्यात घंटावाला म्हणाला, "ते काय आहे?"

घराच्या कोपऱ्यावरून फुले वळली होती. कोंबड्यांच्या खुराड्याजवळून, सांडपाण्याची चर ओलांडून, मागच्या अंगणात. कॅमेलिया नव्हते. लव्हेंडर होते, कुंडीतले जिरेनियम होते, आणि पुष्कळशी अजमोद, जी आम्ही सूपमध्ये घालतो. काही पाकळ्या कोंबड्या खात होत्या. ही वाट उंबरठ्याच्या दगडापर्यंत जात होती.

झेफेरिनो थांबला. "स्वयंपाकघराचं दार!" तो म्हणाला. "अडेलिनो, क्रूस कधी स्वयंपाकघरातून गेलाय? बाईला अर्धी रीत कळली आणि अर्धी राहिली. आता काय करायचं?"

आम्ही तिघे क्रूस घेऊन कोंबड्यांमध्ये उभे होतो. तेवढ्यात एर्मेलिंदा, जी रीतीप्रमाणे आपल्या घरात असावयास हवी होती, चांगल्या चपला घालून, हातात पांढरे फडके घेऊन गल्ली ओलांडून आली.

"का थांबलात?"

"हे बघा ना. हे दार..."

तिने फुलांची वाट पाहिली, खुराड्यापासून दगडापर्यंत. अजमोदही पाहिली. आवाज मात्र तिचा नेहमीचाच होता.

"झेफेरिनो, तुझा देव कुठं जन्मला?"

"गोठ्यात."

"मग त्याला माझं किचन वर्ज्य आहे का? चल, वाक. दार बुटकं आहे, क्रूसाची फुलं मोडशील."

झेफेरिनो वाकला. क्रूस आडवा करावा लागला, आणि त्याच्या फितीला वरच्या चौकटीची काजळी लागली ती लागलीच. आत चुलीत जाळ होता. मेजावर पांढरी चादर, तिच्यावर बदाम आणि एक काळपट जड इंग्रजी केक होता. जीलियाबाई गडद निळा पोशाख घालून, केस विंचरून, चुलीशेजारी ताठ उभी होती, जणू आता तिची परीक्षा आहे. झेफेरिनोने ह्या वेळी आलेलुया बेताने म्हटले. मी पाणी शिंपडले आणि कपांकडे नीट लक्ष ठेवले.

क्रूस पुढे आला तेव्हा जीलियाबाईने आधी एर्मेलिंदाचा हात धरून तिला चुलीपाशी ओढले, बाकाजवळ, त्याच जागी. "तुम्ही. इथे," ती म्हणाली. एर्मेलिंदा गुडघ्यावर बसली आणि तिने क्रूसाच्या पायाला ओठ लावले. तिच्यामागून जीलियाबाईने मान वाकवली. ओठ टेकले की नाही, ते मला माझ्या जागेवरून दिसले नाही, आणि ते पाहणे माझे कामही नव्हते.

मग एर्मेलिंदा एकदम उठली. "अगंबाई, माझं घर!" ती म्हणाली. गल्लीतले पुढचे घर तिचेच होते, आणि क्रूस दारात येईल तेव्हा तिथे कोणीच नसणार होते. "अहो, थांबा जरा! कोंपाद्रे, ह्यांना धरून ठेवा!"

ती मागच्या दारातून निघाली, उंबरठ्याच्या दगडावर पाय देऊन, कोंबड्यांना हाकलीत. जीलियाबाईने बदामांची बशी उचलून आमच्यापुढे धरली. आम्ही एक-एक बदाम घेतला. झेफेरिनोने क्रूस खांद्याला टेकवला, आणि गल्लीत पलीकडे तिच्या दाराची कडी वाजेपर्यंत आम्ही सारे त्या स्वयंपाकघरात थांबून राहिलो. मग घंटावाल्याने घंटा उचलली.